विश्वसंघराज्य, व्हाया बनशंकरी

मी बंगळुरूला गेलो ते जगाचं सरकार स्थापन करायला. परतीचं तिकीट शुक्रवारचं होतं, त्यामुळे हाताशी चार दिवस होते.

लोक तिकडे मुलाकडे जातात, नातवंडं सांभाळायला जातात, गुडघे बदलून घ्यायला जातात. परत आल्यावर त्यांना काहीतरी सांगता येतं. मला मात्र मिरजेत जो तो विचारतो, "झालं का सरकार?" आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. म्हणून आता लिहूनच काढतो. ज्यांना जायचं नाही त्यांना घरबसल्या कळेल आणि ज्यांना जायचंय ते बहुधा जाणार नाहीत.

ही कामगिरी मालतीबाईंची. मालतीबाई आमच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, वय चौऱ्याऐंशी. त्यांच्या हाताखाली मी जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलं. इतिहासाच्या शेपटीला बांधलेला तो विषय, परीक्षा तोंडावर आली की ग्रामपंचायतीपासून संयुक्त राष्ट्रांपर्यंत पंधरा दिवसांत उरकायचा. निवृत्त झाल्यावर बाईंनी विश्वसंघराज्य अभ्यास मंडळ काढलं. सगळ्या देशांच्या वर एक लोकशाही सरकार असावं, त्याची संसद जगातल्या माणसांनी थेट निवडावी आणि युद्ध, हवामान, समुद्र असे कुठल्याच एका देशाला न पेलणारे विषय तिच्याकडे सोपवावेत, बाकी सगळं ज्याचं त्याच्याकडे राहावं, असं मंडळाचं म्हणणं. मंडळाचे सभासद सात. अक्षर बरं म्हणून चिटणीस मी.

मध्यंतरी बाईंना परदेशातून कुणाचं तरी पत्र आलं. काही देशांतल्या प्रांतिक आमदारांनी या कल्पनेला लेखी पाठिंबा दिलाय, तुमच्याकडचे देतील का, असं त्यात विचारलं होतं. बाईंनी मनावर घेतलं. महाराष्ट्रातल्या दोघांनी सह्या दिल्या, पण दोघेही माजी. मग एका संध्याकाळी त्यांनी मला बोलावून सांगितलं की कर्नाटकातले आणा. ज्या दोन राज्यांचं एका सीमेवरून इतकी वर्षं पटलेलं नाही, त्यांचे आमदार एका बाजूला उभे राहिले, तर बाकी जगाला सबबच उरणार नाही. मी म्हटलं, हे अवघड आहे. त्या म्हणाल्या, सोपं असतं तर पोस्टाने पाठवलं असतं.

जाहीरनाम्याचे छापील कागद, एका बाजूला इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला कानडी, पिशवीत घालून मी गाडीत बसलो. कानडी अनुवाद मिरजेतच करून घेतला होता, ही गोष्ट पुढे लपली नाही.

सोमवार, बनशंकरी

उतरलो बनशंकरीत, सुधाअक्काकडे. ही माझ्या बायकोची चुलत बहीण. तिचे यजमान मधुअण्णा सरकारी विमान कारखान्यात इंजिनियर होते. लग्न होऊन इकडे आली त्याला चाळीस वर्षं झाली, त्यामुळे अक्काचं मराठी आता दोन चुलींवर शिजतं. "दिनकरराव, स्वल्प बसा, कॉफी देते, मग ऊट करूया," असं ती म्हणाली तेव्हा ऊट म्हणजे जेवण हे कळायला मला अडचण आली नाही. मिरजेचा असल्यामुळे मला कानडी समजतं. मी बोलायला गेलो की मात्र समोरचा हिंदीत उत्तर देतो.

आपल्याकडे पाहुण्याला चहा घेणार का विचारतात आणि तो नको नको म्हणत घेतो. इथे विचारत नाहीत. पितळी वाटीत उभा केलेला कॉफीचा पेला समोर येतो आणि माणूस गप्प बसून पितो. वेळ फार वाचतो. दुपारच्या जेवणात बिसी बेळे भात होता, वर तुपाची धार आणि शेजारी आपली खमंग काकडी. एका ताटात दोन राज्यं इतकी गुण्यागोविंदाने बसलेली पाहून माझ्या कामाचा उत्साह वाढला.

जेवणानंतर अण्णांनी जाहीरनामा मागून घेतला आणि इंजिनियर वाचतो तसा वाचला, म्हणजे चुका शोधत. सात कलमं होती. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं की हे सरकार बसणार कुठे, इमारत ठरली का. मी म्हटलं, ते नंतरचं. ते म्हणाले, आमच्या कारखान्यात आधी इमारत ठरायची आणि मग तिच्यात काय करायचं ते.

मग आवाज खाली आणून म्हणाले, "सगळं करा, पण सीमा हा शब्द तोंडातून काढू नका. तुम्ही मिरजेचे आहात."

मी म्हटलं, कागदात ज्या सीमा आहेत त्या राष्ट्रांच्या. त्यावर ते काही बोलले नाहीत. बोलण्यासारखं होतं तरी बोलले नाहीत, हे मला गुरुवारी कळलं.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे शिवण्णा आले. बँकेतून निवृत्त झालेले, हसतमुख. ते आणि अण्णा रोज एकमेकांची वर्तमानपत्रं बदलून वाचतात. अण्णांचं इंग्रजी, शिवण्णांचं कानडी. अक्काच्या बाळंतपणात दवाखान्यात नेणारे शिवण्णा आणि शिवण्णांच्या मुलीच्या लग्नात वाढायला उभे राहिलेले अण्णा. त्यांना माझं काम सांगितल्यावर त्यांनी मान डोलावून "सरी, सरी" म्हटलं. म्हणजे बरं, ठीक. इथे या शब्दाला नकार सोडून सगळे अर्थ आहेत, आणि कधीकधी तोही असतो.

मंगळवार, आमदार निवास

अण्णांचे एक जुने सहकारी आता कुठल्याशा आमदारांकडे जातात-येतात. त्यांनी तीन जणांच्या वेळा मिळवून दिल्या होत्या.

आमदार निवासाच्या व्हरांड्यात सकाळी नऊलाच गर्दी होती आणि प्रत्येकाच्या हातात एक प्लास्टिकची फाइल. माझ्याही हातात होती. त्यामुळे मी त्या गर्दीत इतका बेमालूम मिसळलो की शेजारच्या गृहस्थांनी मला बदली कुठे मागताय असं विचारलं. त्यांना शिवमोग्ग्याहून मंड्याला यायचं होतं. मला राष्ट्रराज्यांकडून विश्वसंघराज्याकडे जायचं आहे हे मी त्यांना सांगितलं नाही, कारण त्यांचं काम आधी व्हावं अशी माझी मनापासून इच्छा होती.

पहिले आमदार वयस्कर आणि प्रेमळ होते. माझा कागद हातात घेऊन त्यांनी विचारलं, कुठलं खातं? मी म्हटलं, असं खातं नाही, हे त्याच्याही वरचं आहे. किती वरचं? सगळ्यात वरचं, मी म्हटलं. त्यांनी डोळे मिटून मान हलवली आणि सही केली. त्यांच्या सचिवाने शिक्का मारला. पुढच्या माणसाचा कागद आत सरकला. जागतिक लोकशाहीच्या दिशेने कर्नाटकाचं पहिलं पाऊल एका मिनिटाच्या आत पडलं.

दुसऱ्यांनी थोडा जास्त वेळ दिला. त्यांना तपशिलात रस होता. या सरकारात मंत्री किती असतील, राज्यवार वाटा असेल की लोकसंख्येनुसार, आणि खाणी कुणाकडे? मी सांगितलं की समुद्रतळाच्या खाणी बहुधा जागतिक संसदेकडे येतील. त्यांनी लगेच पेन काढलं.

तिसऱ्या होत्या रुक्मिणम्मा. उत्तरेकडच्या कोरड्या तालुक्यातून निवडून आलेल्या, पूर्वी वकिली केलेल्या, पन्नाशीच्या बाई. त्यांच्या खोलीत गर्दी नव्हती, कारण त्या प्रत्येकाला बसवून घेऊन ऐकतात आणि लोकांना तेवढा वेळ नसतो. आमच्या भाषेचा प्रश्न आपोआप सुटला. त्या कानडीत बोलल्या, मी मराठीत, आणि दोघांनाही दुसऱ्याचं कळत होतं.

त्यांनी कागद उलटा-सुलटा पाहिला आणि विचारलं, हे कानडी कुणी लिहिलं? मी म्हटलं, मिरजेत करून घेतलं. त्या म्हणाल्या, ते दिसतंय. मग त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला लागल्या. मला वाटलं, आता पान उलटतील आणि सही करतील. त्यांनी पान उलटलं आणि इंग्रजी बाजूही वाचली. मधे दोनदा फोन वाजला, तो घेतला नाही. इतका वेळ त्या खोलीत मी काय करत होतो ते प्रामाणिकपणे सांगतो. मी घाबरलो होतो. अण्णा सोडले तर, मंडळाच्या सभासदांसकट आजवर हा कागद माझ्यासमोर कुणी पूर्ण वाचला नव्हता.

वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "माझ्याकडे एक बाई येते. नळाला पाणी नाही म्हणून. मी तिला पंचायतीत पाठवते. पंचायत म्हणते तालुक्याला जा, तालुका जिल्ह्याकडे पाठवतो, जिल्हा इकडे, आणि इथले लोक दिल्लीकडे बोट दाखवतात. आता तुम्ही दिल्लीच्या वर आणखी एक मजला बांधताय. बांधा. पण ती बाई वर चढणार कुठून, ते यात कुठे आहे?"

मी सातही कलमं आठवून पाहिली. त्यांत मानवजात होती, भावी पिढ्या होत्या, महासागर होते. नळाला पाणी नसलेली बाई नव्हती.

त्यांनी कागद परत दिला आणि सांगितलं की मी सही करणार नाही, कारण मला हे पटलेलं नाही. माझा मिरजेचा आणि इथला पत्ता अन् फोन नंबर मात्र एका चिठ्ठीवर लिहून घेतला. जाताना ताक पाजलं, कढीपत्ता आणि आलं घातलेलं. नकार इतका चविष्ट असेल असं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी मी मालतीबाईंना फोन करून कळवलं की दोन सह्या मिळाल्या. रुक्मिणम्मांबद्दल बोललो नाही. नकाराचं काय सांगायचं, असं मला तेव्हा वाटलं.

बुधवार, व्हाइटफील्ड आणि बेळ्ळंदूर

बुधवारी रोहित गाडी घेऊन आला. हा माझा जुना विद्यार्थी. नागरिकशास्त्रात कायम काठावर पास, आता बेळ्ळंदूरला मोठ्या कंपनीत आहे. "सर, तुमचा कॉन्सेप्ट एकदम मस्त आहे, पण तुमचा आउटरीच झीरो आहे," असं त्याने गाडीत बसल्या बसल्या सांगितलं. मी म्हटलं, बाबा, मी सही घ्यायला आलोय. तो म्हणाला, तेच.

व्हाइटफील्डला एका पादचारी पुलाचं उद्घाटन होतं. पूल अर्धाच झाला होता, पण आमदार पूर्ण आले होते. हार, नारळ, भाषण झाल्यावर रोहित गर्दीतून वाट काढत गेला आणि इंग्रजीत असं काही बोलला की आमदारांनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून तिथल्या तिथे सही केली. मी नंतर विचारलं, काय सांगितलंस? तो म्हणाला, ग्लोबल इनिशिएटिव्ह म्हटलं. बस.

तिथून बेळ्ळंदूर. नकाशावर हे अंतर बोटाच्या पेराएवढं आहे. वाटेत आम्ही दोन वेळा नाश्ता केला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काचेच्या इमारती, त्यांवर जगातल्या सगळ्या खंडांतल्या कंपन्यांची नावं, आणि मधे कुणालाच कुठेही जाता येत नाही अशी वाहनांची रांग. जगाचं एकीकरण झाल्यावर कसं दिसेल याची कल्पना करायला ही जागा उत्तम आहे. एका दर्शिनीत, म्हणजे इथल्या बिनखुर्च्यांच्या उपाहारगृहात, उभ्याने खाल्लेला लोणी डोसा मात्र मी मिरजेला न्यायला तयार आहे. उभं राहून खाण्याची लाज आपल्याकडे उगीच वाटते. इथे न्यायमूर्तीसुद्धा उभ्याने खात असतील.

बेळ्ळंदूरच्या तलावाकाठी झाडं लावण्याचा कार्यक्रम होता आणि तिथे दोन आमदार होते. त्यांतले तरुण आमदार परदेशात शिकून आलेले. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले की आमचा मतदारसंघ म्हणजेच एक छोटं जग आहे. सही करताना त्यांनी छायाचित्रकाराला जवळ बोलावलं, एकदा पेन टेकवून थांबले, मग हसून पुन्हा टेकवलं. शेजारच्या आमदारांनी ते पाहिलं आणि लगेच आपलाही कागद मागून घेतला. सह्या पाच झाल्या.

घरी परतताना रोहितने तो फोटो सगळीकडे टाकला. खाली लिहिलं, महाराष्ट्रातल्या शिक्षकाची मोहीम, सीमा नसलेल्या जगासाठी कर्नाटकच्या आमदारांच्या सह्या. त्याने तो मजकूर यंत्राकडून कानडीत करून घेतला आणि मोठ्या कौतुकाने मला दाखवला. कानडीत सीमेला गडी म्हणतात. मराठीत गडी म्हणजे घरकामाचा माणूस, त्यामुळे मी वाचून हसलो. यंत्राने आणखीही काही केलं होतं. जग हा शब्द ते गाळून बसलं होतं. ते माझ्या लक्षात आलं नाही, कारण मी गडीवर हसत होतो.

गुरुवार, पुन्हा बनशंकरी

सकाळी सातला अक्काने मला उठवलं. तिच्या हातात फोन होता आणि चेहरा उतरलेला होता. मजकूर एव्हाना कित्येक हात फिरून आला होता. महाराष्ट्रातून एक माणूस आलाय, तो सीमा हटवण्यासाठी कर्नाटकच्या आमदारांच्या सह्या घेतोय, आणि तो बनशंकरीत अमुक घरी उतरलाय. बेळगाव हा शब्द कुणी लिहिलेला नव्हता. लिहायची गरज नव्हती.

"चाळीस वर्षं राहतोय आम्ही इथे," अक्का म्हणाली. "आजवर कुणी विचारलं नाही तुम्ही कुठले म्हणून."

अण्णा खिडकीशी उभे होते. त्यांनी वर्तमानपत्र घ्यायला वर जाण्याची वेळ टळून गेली होती आणि शिवण्णाही खाली आले नव्हते.

आठपासून फोन सुरू झाले. पाचही आमदारांच्या सचिवांना आपापला कागद परत हवा होता. पहिल्या, प्रेमळ आमदारांचा सचिव तर स्वतःच आला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहायला लागला, जसं काही मी म्हाताऱ्या माणसाच्या बोटातली अंगठी काढून घेतली होती. मी कागद दिला. दोघांनी ड्रायव्हर पाठवले, त्यांनाही दिले. व्हाइटफील्डच्या आमदारांकडून निरोप आला की कागद फाडतानाचा व्हिडिओ पाठवा. तो अण्णांनी काढला. मी फाडलं. मला विश्वसंघराज्याचं काम करताना कधी इतकं एकटं वाटलं नव्हतं.

शेवटी तरुण आमदारांचा सचिव आला. चांगला शिकलेला, इस्त्रीच्या शर्टातला मुलगा. कागद घेतल्यावर त्याने एक टाइप केलेलं पत्र माझ्यापुढे ठेवलं. त्यात लिहिलं होतं की मी आमदारांची दिशाभूल करून, खोटं कारण सांगून सही घेतली. खाली माझ्या सहीची जागा.

अक्का स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "करून टाका सही, दिनकरराव. तुम्ही उद्या जाणार. आम्हाला इथे राहायचंय."

ती बरोबर होती. मी पेन हातात घेतलंसुद्धा. माझं नाव खराब झालं तर मिरजेत कुणाला कळणार होतं? पण जन्मभर ज्या मुलांना मी शिकवलं की सही करण्याआधी वाचावं, त्यांतलं एक तरी मला कुठेतरी भेटेल, असं मनात आलं. मी त्या सचिवाला म्हटलं, "खोटं मी काही सांगितलं नाही. साहेबांनी न वाचता सही केली, एवढं खरं आहे. ते मी लिहून देतो."

त्याने ते पत्र पुन्हा एकदा वाचून पाहिलं. कारस्थानात सापडलेला आमदार आणि न वाचता सही करणारा आमदार, यांतलं कुठलं परवडेल याचा तो हिशेब करत असावा. मग त्याने पत्राची घडी केली, खिशात घातली आणि कॉफी न घेता गेला. अक्काने आत जाऊन भांडी जरा जोरात ठेवली.

साडेदहाच्या सुमारास फाटकाशी सात-आठ माणसं जमली. गळ्यात कन्नड झेंड्याची लाल-पिवळी उपरणी, एकाच्या हातात फोन चालू. आरडाओरडा नव्हता. मराठी माणसाला बाहेर पाठवा आणि काय चाललंय ते त्याच्या तोंडून सांगू द्या, एवढंच ते म्हणत होते. अण्णा बाहेर गेले. त्यांतल्या दोघांना ते नावाने ओळखत होते. ते फाटकाची कडी धरून कानडीत समजावत होते. वरच्या गच्चीत शिवण्णा उभे होते. तिथूनच खाली पाहत होते. मी पायरीपर्यंत गेलो. अक्काने मागून माझा शर्ट धरला.

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली आणि तीतून रुक्मिणम्मा उतरल्या. सकाळी त्यांचा फोन आला होता, ते मी गडबडीत सांगायचं विसरलो. कागद घेऊन या, म्हणाल्या होत्या. मी म्हटलं, बाहेर पडता येईलसं दिसत नाही. त्यावर त्यांनी फोन ठेवला होता.

त्यांना त्या माणसांनी ओळखलं आणि वाट दिली. त्यांनी माझ्याकडून सही नसलेला एक जाहीरनामा मागून घेतला, तिथेच फाटकाला टेकून चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. मिरजेचं कानडी बाजूला ठेवून, इंग्रजीवरून सरळ आपल्या कानडीत. पहिलं कलम वाचलं, अर्थ सांगितला आणि हे का चुकीचं आहे तेही सांगितलं. मग दुसरं. तेही कसं अर्धवट आहे ते सांगितलं. फोन धरलेल्या माणसाने तिसऱ्या कलमाला हात बदलला. यात बेळगाव कुठे आहे, असं एकाने विचारलं. त्या म्हणाल्या, मीही तेच शोधतेय, थांबा, अजून चार कलमं आहेत.

महासागरांच्या कलमाला दोघे निघून गेले. भावी पिढ्यांपाशी फोन बंद झाला. उरलेल्यांना त्यांनी जाऊ दिलं नाही. सातवं कलम संपवून त्या म्हणाल्या, "मी यावर सही केलेली नाही, करणारही नाही. मला हे चूक वाटतं. पण तुम्ही म्हणताय ते यात नाही. ज्याला शंका असेल त्याने हा कागद घ्यावा आणि घरी वाचावा."

कागद कुणी घेतला नाही. एकाने अण्णांना नमस्कार केला, बाकीचे तसेच पांगले. मी तिथे उभा राहून एवढंच पाहत होतो की पाच जणांनी पाठिंबा दिलेल्या त्या कागदाची बाजू घ्यायला, त्याला विरोध करणारी एकटी बाई आली होती. शिवाय इतक्या लोकांनी इतका वेळ उभं राहून विश्वसंघराज्याचा मसुदा ऐकण्याची ही इतिहासातली पहिलीच वेळ असावी. आमच्या मंडळाच्या वार्षिक सभेतही तिसऱ्या कलमाच्या पुढे कुणी टिकत नाही.

रुक्मिणम्मा आत आल्या आणि अक्काने त्यांच्यापुढे कॉफी ठेवली. तिचे डोळे भरले होते. मी आभार मानायला लागलो तर त्यांनी थांबवलं. म्हणाल्या, तुमच्यासाठी नाही आले, वाचलेल्या कागदाबद्दल कुणी खोटं बोललं की मला राहवत नाही, वकिलीची खोड आहे. मग त्यांनी अक्काला होळिगे कुठल्या डाळीची करता ते विचारलं आणि त्यांचं बोलणं तिकडे वळलं. इकडची होळिगे ताटाएवढी आणि पातळ असते, आपल्या पुरणपोळीहून हलकी. माझ्या मते आपलीच बरी, पण त्या दिवशी मी हे मत मांडलं नाही.

दुपारी शिवण्णा खाली आले. हातात कानडी वर्तमानपत्र होतं. ते त्यांनी अण्णांना दिलं आणि अण्णांनी आपलं इंग्रजी त्यांना दिलं. जाताना शिवण्णा दारात थांबले आणि म्हणाले, "मधु, मी खाली यायला हवं होतं." अण्णा म्हणाले, "सरी." त्या दिवशी तरी त्याचा अर्थ मला नीट लागला नाही.

मिरज

परत आल्यावर मी मालतीबाईंकडे रिकामी पिशवी घेऊन गेलो. पाच सह्या मिळाल्या आणि पाचही गेल्या, हे सांगायला मला अर्धा तास लागला. फाटकाचा प्रसंग सांगितला. त्यांना वाईट वाटेल म्हणून रुक्मिणम्मांच्या हरकती जरा सौम्य करून सांगायला लागलो, तर त्यांनी मला मधेच थांबवलं.

"तुमचे शब्द नकोत," त्या म्हणाल्या. "त्या काय म्हणाल्या, तेच सांगा."

मी नळाला पाणी नसलेली बाई सांगितली. पंचायत, तालुका, जिल्हा, बंगळुरू, दिल्ली, आणि वर चढायला वाट नसलेला मजला. मालतीबाई डोळे मिटून ऐकत होत्या. मग त्यांनी टेबलावरून जाहीरनामा उचलला, भिंगातून सातही कलमं पुन्हा वाचली आणि पेन मागितलं. माझ्या माहितीत त्यांनी स्वतःच्या लिखाणावर पेन चालवण्याची ही पहिलीच वेळ. दुसरं कलम खोडलं. पाचव्यापुढे प्रश्नचिन्ह केलं. मग म्हणाल्या, त्या बाईंना विचारून घ्या, ही वाट कुठून काढायची म्हणतात त्या.

तेव्हापासून रुक्मिणम्मांची पत्रं येतात. त्या अजूनही विरोधातच आहेत आणि दर पत्रात एक नवी हरकत असते. मालतीबाई प्रत्येक हरकतीवर आठवडा घालवतात.

जगाचं सरकार अजून स्थापन झालेलं नाही. लोकांना वाटतं, मोठ्या राष्ट्रांनी अडवून धरलंय. तसं काही नाही. उशीर आमच्याकडून होतोय. मसुदा दुरुस्तीला घेतला आहे.